ऑफ-सीझनला खेळाडूंची बाईक, विहीर, ट्रेक बंद करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कबड्डी मंडळाचे सेक्रेटरी विचारतायत की आमचा मेन रेडर मे महिन्यात बुलेट घेऊन लेह-लडाखला निघालाय, दुसरी दोन पोरं रोज दुपारी विहिरीवर सूर मारायला जातात, मागच्या उन्हाळ्यात एकजण असाच मनगट मोडून आला आणि त्याची निवड चाचणी हुकली, तर आता मंडळानं लेखी नियमच करावा का की ऑफ-सीझनला असले धोक्याचे छंद बंद, नाहीतर संघातून बाहेर.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मग. सरसकट बंदी घालू नका. दोन-तीन गोष्टींवर अजिबात तडजोड करू नका, आणि बाकी सगळ्याला एकच नियम ठेवा: जायच्या आधी सांगायचं, आणि लागलं तर त्याच दिवशी खरं सांगायचं. मी सोलापुरात बरीच वर्षं कबड्डी आणि खो-खोच्या पोरापोरींचं फिटनेस आणि दुखापतीनंतरचं रिहॅब बघतोय, त्यामुळं हे पुस्तकातलं बोलत नाही, टेबलावर पडलेला गुडघा बघून बोलतोय.

बंदीची कल्पना जिथून येते तिथलं आधी बघू. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगचा खेळाडूंचा जो ठरलेला करार आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की टीमच्या लेखी परवानगीशिवाय स्काय डायव्हिंग, हँग ग्लायडिंग, बर्फावरचं स्कीइंग, रॉक क्लाइंबिंग, बंजी जंपिंग, मोटरसायकल चालवणं हे करायचं नाही. आता यातला "लेखी परवानगीशिवाय" हा भाग लोक विसरतात. म्हणजे तिथंसुद्धा दार बंद नाहीये, विचारून जा असं आहे. आणि त्याच कलमात पुढं असंही आहे की गोल्फ, टेनिस, पोहणं, हायकिंग, व्हॉलीबॉल असलं हौशी म्हणून खेळायला विचारायचीही गरज नाही. मायकल जॉर्डननं तर आपल्या करारात वेगळं कलम घालून घेतलं होतं की मला वाटेल तेव्हा वाटेल तिथं बास्केटबॉल खेळायची मुभा पाहिजे, गल्लीत पोरांबरोबर खेळलो तरी टीमनं बोलायचं नाही.

पण तिथली टीम हे सांगू शकते कारण ती बाराही महिन्यांचे पैसे मोजते, कोट्यवधीचे, आणि खेळाडूला लागलं तर डॉक्टर, ऑपरेशन, रिहॅब सगळं तिचं. आपलं मंडळ काय देतं हो? किट, मॅचला जायचा गाडीखर्च, बक्षीस आलं तर वाटणी, आणि ज्याचं नशीब चांगलं त्याला रेल्वे नाहीतर पोलिसात खेळाडू कोट्यातून चिकटवायला थोडी मदत. याला मी कमी लेखत नाही, गावोगावची मंडळं पदरमोड करून चालतात हे मला चांगलं माहीत आहे, पण एप्रिल-मेमध्ये त्या पोराच्या घरात मंडळाचा एक रुपया जात नाही. तो तेव्हा बापाबरोबर शेतात असतो, कुणी टेंपो चालवतो, कुणी एमआयडीसीत शिफ्ट करतो. त्याच्या त्या दिवसांवर तुम्ही हुकूम कशाच्या जोरावर चालवणार? ज्याला ऑफ-सीझनला पगार देता, त्याचा दवाखाना बघता, त्याच्याशी करार करा आणि त्यात काय लिहायचं ते दोघं बसून ठरवा, ते रास्त आहे. बाकीच्यांना तुम्ही विनंती करू शकता, समजावू शकता, धमकी देऊ शकत नाही.

आता बंदीचं सगळ्यात मोठं नुकसान सांगतो, ते म्हणजे पोरं खोटं बोलायला लागतात. २००७ मध्ये एनबीएतल्या लेकर्स टीमचा व्लादिमिर रादमानोविच सीझनच्या मधल्या ऑल-स्टारच्या सुट्टीत स्नोबोर्डिंग करताना पडला, खांदा निखळला, आणि टीमला सांगितलं काय तर बर्फावरून पाय घसरला. काही दिवसांनी स्वतःच कबूल केलं, ५ लाख डॉलर दंड झाला. २००२ मध्ये बेसबॉलच्या जेफ केंटचं मनगट मोडलं, तो म्हणाला ट्रक धुताना पडलो, आणि लोक सांगत होते की आम्ही त्याला बाईकवर व्हीली मारताना, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवताना, पडलेलं बघितलं. याउलट ॲरन बून बघा. २००४ च्या जानेवारीत यांकीज या बेसबॉल टीमचा हा खेळाडू सुट्टीत बास्केटबॉल खेळताना गुडघ्याचं लिगामेंट फाडून बसला, करारात बास्केटबॉलला मनाई होती, आणि त्यानं सरळ जाऊन खरं सांगितलं. काय झालं? ५७ लाख डॉलरच्या वरचा करार टीमनं मोडला, हातात ९ लाखांच्या आसपास आले. नियमाप्रमाणं टीम चुकली नाही, आणि तोच बून पुढं त्याच यांकीजचा मॅनेजर झाला ते वेगळं, पण ड्रेसिंग रूममधल्या बाकीच्या पोरांनी त्यातून काय शिकायचं ते शिकले असणारच की.

आणि खोटं बोलणं हा फक्त शिस्तीचा मुद्दा नाही ओ, तो उपचाराचा मुद्दा आहे. माझ्याकडं पोरगा येतो, म्हणतो सर पायरीवरून पाय मुरगळला. पायरीवरून मुरगळलेला घोटा आणि बाईक अंगावर पडून पिळलेला घोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्यात मला गुडघाही तपासायचा असतो, हाड दबलंय का बघायचं असतं, एक्सरे कुठल्या बाजूनं काढायचा ते ठरवायचं असतं. पोरगा घाबरून खरं सांगत नाही, तीन आठवडे शेक आणि मलम, आणि मग सूज उतरेना म्हणून एमआरआय केला की आत काय ते कळतं. तेवढ्यात सीझन गेलेला असतो. संघातून काढायच्या भीतीनं लपवलेली दुखापत मी जेवढी बघितलीय तेवढी बाईकमुळं कायमची गेलेली करिअर बघितलेली नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे धोका कशात आहे हे यादी करून कळत नाही. इंग्लंडचा क्रिकेटपटू जॉनी बेअरस्टो २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, आयुष्यातल्या सगळ्यात भारी फॉर्ममध्ये असताना, गोल्फ खेळायला गेला आणि पहिला फटका मारायच्या जागेकडं चालत जाताना घसरला, पायाचं हाड मोडलं, घोटा निखळला, टी-२० वर्ल्ड कप गेला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जॉश इंग्लिसच्या हातात गोल्फची काठी तुटली, हात कापला, तोही वर्ल्ड कपमधून बाहेर. ग्लेन मॅक्सवेल मित्राच्या वाढदिवसाच्या पार्टीत पाय मोडून बसला. जोफ्रा आर्चरचं घरी माशांची टाकी साफ करताना बोट कापलं, मार्च २०२१ मध्ये ऑपरेशन करून काचेचा तुकडा काढावा लागला. आता गोल्फ कुठल्या यादीत घालाल, आणि माशांची टाकी?

मात्र याचा अर्थ काहीच धोक्याचं नाही असा नाही. रॉबर्ट कुबिकाचं नाव फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना माहीत असेल. त्याला रॅलीची प्रचंड आवड, टीमनं परवानगीही दिलेली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सीझन सुरू व्हायच्या तोंडावर इटलीतल्या एका छोट्या रॅलीत गाडी रेलिंगला धडकली, रेलिंग गाडीच्या आत घुसलं, उजवा हात जवळजवळ तुटला. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत परत यायला २०१९ उजाडलं. जर्मनीचा गोलकीपर मॅन्युएल नॉयर २०२२ च्या वर्ल्ड कपमधून बाहेर पडल्यावर स्कीइंगला गेला, पाय मोडला, त्याच्या बायर्न क्लबसोबतचा अख्खा उरलेला सीझन गेला. शिकागो बुल्सचा जे विल्यम्स तर २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या नंबरवर घेतलेला खेळाडू, २००३ च्या जूनमध्ये बाईक खांबावर धडकली आणि एनबीएमध्ये तो परत कधीच खेळला नाही. त्याच्या करारात बाईकला मनाई होती. मनाई होती तरी तो चालवत होताच, हे लक्षात घ्या. टीमनं मात्र बांधील नसताना त्याला ३० लाख डॉलर दिले, आणि मला त्या टीमबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

तर मी अजिबात तडजोड नाही म्हणतो त्या गोष्टी कुठल्या.

पहिली, विहिरीत डोकं खाली करून सूर मारणं. पोहू द्या, हात जोडून सांगतो पोहू द्या, सोलापूरच्या ४३-४४ डिग्रीत पोरांनी काय करायचं, आणि पोहण्यासारखा सांध्यांना सोसणारा व्यायाम नाही. विहिरीत मुटका मारला, पाय खाली ठेवून उडी मारली तर एकवेळ टाच दुखेल, घोटा जाईल. पण सूर मारला आणि खाली पाणी कमी असलं की सगळा भार डोक्यावरून मानेवर येतो, मानेचा मणका तुटतो, मज्जारज्जू दबतो आणि पोरगा मानेखाली लुळा पडतो. त्याला रिहॅब नाही, त्याला आयुष्यभर दुसऱ्यानं कुशीवर वळवावं लागतं. आपल्याकडं हे जास्त होतं कारण मार्चमध्ये जी विहीर भरलेली दिसते ती मेमध्ये बारा-पंधरा फूट खाली गेलेली असते, आतला गाळ, कपार, मोटरचा पाईप वर आलेला असतो, आणि पोरगा मागच्या वर्षीच्या अंदाजानं त्याच काठावरून झेप घेतो. पाणी गढूळ असलं की तळ दिसतही नाही. कबड्डीच्या पोरांना तर जास्त जपायला पाहिजे कारण डाईव्ह मारायची, अंग झोकून द्यायची सवय त्यांच्या हाडात असते. ही एकच गोष्ट असेल जिथं मंडळानं आवाज चढवला तरी माझी हरकत नाही.

दुसरी, हेल्मेट. इथं मी लडाखच्या रस्त्याबद्दल बोलत नाहीये, सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून होटगी रोडला प्रॅक्टिसला येतानाच्या रस्त्याबद्दल बोलतोय. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली आणि त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवाले होते. ऋषभ पंत ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे काही स्टंट करत नव्हता, कारनं दिल्लीहून रुडकीला घरी चालला होता, तरी अपघात झाला. २०२४ च्या आयपीएलपर्यंत मैदानाबाहेर होता. पोरगा लडाखला जातो म्हणून आपण घाबरतो, आणि रोज तिघं एका गाडीवर, डोकं उघडं, मैदानावर येतात ते आपल्याला दिसतच नाही. मंडळाला खरंच नियम करायचाय तर हा करा: हेल्मेट नसेल तर मैदानात एंट्री नाही, आणि तो कोच आणि पदाधिकाऱ्यांनाही लावा. बाराही महिने. स्कूटीवरून येणाऱ्या मुलींनाही.

तिसरी, जो रिहॅबमध्ये आहे तो. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, चौथा-पाचवा महिना चालू आहे, चालताना काही दुखत नाही, त्यामुळं पोराला वाटतं झालं बरं. नऊ महिने व्हायच्या आत आणि ताकदीच्या टेस्ट पास व्हायच्या आत वळण्या-उड्या मारायच्या खेळात परत गेलं तर परत फाटायचा धोका बराच जास्त असतो. या पोराला ट्रेक नाही, गल्लीतलं टेनिस बॉल क्रिकेट नाही, लग्नात डीजेसमोर नाचणंसुद्धा नाही. इथं बंदी म्हणा, काहीही म्हणा, मी ती घालतो आणि घरच्यांना बोलावून घालतो.

आता एक असा विषय जो बाहेरच्या करारात कुठंच सापडणार नाही. आपल्याकडं बऱ्याच पोरांची जोखीम ही हौस नसतेच. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच जड काठी, पेलणारी पोरं आहेत, घराण्याचा मान असतो, यात्रेच्या आधी सराव चालतो, तो ध्वज तोलताना कंबर आणि खांद्यावर जो ताण येतो तो जिममध्ये कुणी सहज उचलत नाही. कोजागरीला अर्धं सोलापूर चालत तुळजापूरला निघतं, ४५ किलोमीटरच्या आसपास, रात्रभर, डांबरावरून, त्यात अनवाणी असेल तर विचारू नका, आणि दुसऱ्या आठवड्यात पोरगा नडगी धरून माझ्याकडं. यावर बंदी घालायचा विचारही मनात आणू नका, तुमचं कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पण कळलं असेल तर मी त्याला महिनाभर आधीपासून कंबरेचे, पोटाचे व्यायाम देऊ शकतो, चालायचं अंतर हळूहळू वाढवून देऊ शकतो, आणि कोच पुढचे चार-पाच दिवस त्याला हलकं ठेवू शकतो. सगळं अडतं ते कळण्यावर. पोरानं येऊन सांगायला पाहिजे, आणि सांगितल्यावर त्याचं नुकसान होणार नाही अशी त्याला खात्री पाहिजे.

आणि एक जरा कडू बोलतो, मंडळवाल्यांनी राग मानू नये. उन्हाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या दुखापतींत ट्रेक-बाईकवाले थोडे, जत्रेतल्या स्पर्धांतले जास्त. गावच्या जत्रेत रात्री लाईट लावून मॅच, मैदान दोन दिवसांपूर्वी नांगरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं, वरून मऊ, खालून ढेकळं, पोरगा महिनाभर प्रॅक्टिस नसलेला, जेवून आलेला, आणि अकरा वाजता पहिली मॅच, दोन वाजता सेमीफायनल. तिथं पाय अडकला की गुडघा गेलाच. तिथं पोराला घेऊन कोण जातं? आपणच जातो, बक्षीस मोठं असतं म्हणून. लडाखला जाऊ नको म्हणणाऱ्या मंडळानं आधी हे बघावं की तीन रात्रीत त्याच पोराला किती मॅच खेळवल्या.

छंद बंद केल्यावर पोरगं घरी बसून सुरक्षित राहतं असंही नाही. ते मोबाईल घेऊन पडतं, रात्री दोनला झोपतं, लग्नसराईतलं जेवण चालू असतं. सिनियर पुरुषांना ८५ किलोची मर्यादा आहे, पोरगा ८९ चा होऊन येतो, मग आठ दिवस उपाशी राहून, जर्किन घालून पळून वजन उतरवतो, आणि कॅम्पच्या पहिल्याच आठवड्यात मांडीचा मागचा स्नायू धरतो. त्यापेक्षा जो सह्याद्रीत चार किल्ले चढून आला, रोज तासभर पोहला, त्याचा दम टिकलेला असतो आणि डोकंही ताजं असतं. वर्षभर मार खाणारा खेळ आहे हा, मनाला दुसरीकडं कुठंतरी जायला जागा पाहिजे की नाही?

मुलींबद्दल वेगळं लिहितो कारण ते कुणी बोलत नाही. खो-खोच्या मुलीला मंडळानं सांगितलं ट्रेकला जायचं नाही, की घरचे त्याला आणखी चार गोष्टी जोडतात, पोहणं बंद, सायकल बंद, मैत्रिणींबरोबर जाणं बंद, आणि कधीकधी शेवटी खेळच बंद. मुलाला लावलेला नियम मुलीच्या घरी पोचेपर्यंत दुप्पट होतो. म्हणून मी मुलींच्या पालकांना उलटंच सांगतो, जाऊ द्या, पोहू द्या, फक्त कुठं आणि कुणाबरोबर ते मला कळू द्या.

पैशाचं पण बघा. आरोग्य विम्यात एक ठरलेली अट असते, व्यावसायिक म्हणून साहसी खेळात भाग घेताना लागलं तर खर्च मिळत नाही, त्यात रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटर रेसिंग, स्कुबा वगैरे नावं असतात. हौशी ट्रिपला ती अट कशी लागू होते ते एजंटच्या तोंडावर विश्वास न ठेवता पॉलिसीत वाचून घ्यायचं. आणि ज्या पोरांकडं काहीच नाही त्यांना निदान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या, १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही काढता येतो, वर्षाला २० रुपये कापतात, अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हातपाय-डोळे जाण्यासारखं कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अर्धवट कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख. दवाखान्याचं बिल त्यात येत नाही हे पोरांना नीट सांगा. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणून मे अखेरीला खात्यात पैसे आहेत का तेवढं बघायचं. अख्ख्या संघाचे मिळून मंडळाला एका चहापाण्याचे पैसे लागतील, आणि मग पोरांना चार शब्द सांगायचा थोडा हक्कही येईल.

आता तुमच्या त्या रेडरचं. जाऊ द्या त्याला. एकटा जाऊ नये, चांगलं हेल्मेट आणि गुडघा-कोपराचे गार्ड घ्यावेत, रात्रीची गाडी चालवू नये. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, आणखी उंचावरच्या खारदुंगला खिंडीत फोटो काढायची घाई करायची नाही, डोकं जास्तच दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर वर न जाता खाली उतरायचं. रोज सात-आठ तास सीटवर बसून जांघेचे आणि मांडीचे स्नायू आखडतात, त्यामुळं संध्याकाळी वीस मिनिटं स्ट्रेचिंग, मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवीन. परत आल्यावर थेट रेड मारायला उभा करू नका, पहिले आठ-दहा दिवस पळणं आणि हलकं वजन, मग फुटवर्क, मग मॅट. आणि निवड चाचणीच्या तारखेच्या निदान चार आठवडे आधी तो घरी पाहिजे, ही एक अट तुम्ही घालू शकता, ती रास्त आहे, पोरगा ऐकेल. निघायच्या आधी एकदा माझ्याकडं पाठवा, वजन, गुडघ्याची ताकद आणि खांदा मोजून ठेवतो, म्हणजे आल्यावर कुठं काय कमी झालंय ते लगेच कळेल.